शिशाच्या पेटीतला बिल्ला

ठाण्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आलं, तेव्हा ते चालवायला माणूसच नव्हता. यंत्र लढाईतल्या सामानाच्या लिलावातलं, सेहेचाळीस साली घेतलेलं. डॉक्टर टिपणिसांनी दवाखान्यातले पंखे दुरुस्त करायला आलेल्या विश्राम कोचरेकराला शिडीवरूनच खाली बोलावलं. "अरे, तुला विजेची भीती नाही ना? मग ये इकडे." एवढ्या एका वाक्यावर विश्रामचा जन्म गेला.

वेंगुर्ल्याकडून आलेला, मराठी चौथी शिकलेला हा माणूस सहा महिन्यांत असा तयार झाला की टिपणीस पाहुण्यांना दाखवत, "हा आमचा विश्राम, यंत्र याच्याशी बोलतं." यंत्र कुणाशी बोलत नव्हतं. विश्रामच त्याच्याशी बोलायचा. पण खरा जीव त्याचा फिल्मांवर. फिल्म महाग, मुंबईहून यायची आणि चुकार किरण लागला की काळी पडायची. म्हणून त्याने एका लाकडी पेटीला आतून शिशाचा पत्रा ठोकला, फिल्मा तीत ठेवल्या आणि किल्ली करगोट्याला बांधली. त्याच्या हातून एक फिल्म वाया गेली असेल तर शपथ.

रोज सकाळी यंत्र सुरू केलं की तो आपला उजवा हात पडद्यापुढे धरायचा. बोटांची हाडं स्वच्छ दिसली की यंत्र ठीक. तवा तापला का हे बघायला बायका पाणी शिंपडतात, तसंच ते. आणि लहान पोरं तोच धरायचा. पोर हललं की फोटो बिघडतो, आणि क्षयाच्या संशयाने आणलेली खोकणारी पोरं तर हलणारच. कोलशेतहून एखादी कोळीण पोराला घेऊन आली की विश्राम म्हणायचा, "बाय, तू भायेर बस. तू रडलीस की ता रडता." मग पोराच्या बगलेत हात घालून तो त्याच्याबरोबर किरणांत उभा राहायचा. डॉक्टर तेवढा वेळ दाराबाहेर जात. का जात, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विश्रामने कधी विचारलं नाही. मोठ्या माणसाला शंभर कामं असतात, असं त्याला वाटायचं. भला माणूस विश्राम! भल्या माणसांचं हे असंच होतं, म्हणून राग येतो.

एकावन्न-बावन्नच्या सुमारास विश्रामच्या नखांवर रेघा उठल्या. बोटांची कातडी कोरडी पडून तडकली, मग चामखिळी आल्या. सगळ्यांनी दोष फिल्म धुण्याच्या औषधाला दिला. बायको रतन संध्याकाळी करंजेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "अहो, हात आहे की झाडाची साल!" तोही हसायचा.

त्रेपन्न साली मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून बिल्ले आले. पत्र्याची छोटी डबी, आत काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म. छातीवर लावायचा आणि महिनाअखेरीला परत पाठवायचा, म्हणजे माणसाला किती किरण लागले ते कळतं. सोबत इंग्रजी पत्र होतं. डॉक्टरांनी ते अर्धं वाचलं आणि म्हणाले, "विश्राम, हा रोज लाव. आणि जप हो, आत फिल्म आहे."

फिल्म जपायला विश्रामला शिकवायची काय गरज! तो बिल्ला लावून स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत मिरवत यायचा. यंत्राच्या खोलीत शिरला की बिल्ला काढायचा, शिशाच्या पेटीत ठेवायचा, कुलूप लावायचा. काम संपलं की पुन्हा छातीवर. सरकारची फिल्म आपल्या हातून काळी पडली तर काय तोंड दाखवायचं?

रिपोर्ट आला, शून्य. पुढच्या महिन्यात शून्य. तीन वर्षं शून्य. टिपणिसांनी ते कागद फाईलीला लावले आणि विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवले. खोलीत शिशाची भिंत घालायचा विषय निघाला होता, तो तिथल्या तिथे बारगळला. विश्रामची पाठ थोपटली गेली. घरी येऊन त्याने रतनला सांगितलं, "सगळ्या जिल्ह्यात आपली खोली चोख."

छप्पन साली तर्जनीवरची जखम भरेना. परळच्या इस्पितळात आधी दोन बोटं काढली, पुढे मनगटापासून हातच. तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला समजावलं, "हे बघा, आपली कातडी बारीक बारीक पेशींची असते. एकीच्या दोन होतात, जुन्या झडतात. किरण लागून पेशी मेली तर एक वेळ बरं. न मरता बिघडली, तर ती वाढत सुटते. वर्षानुवर्षं साठत येतं हे. आणि कोवळ्या, वाढत्या अंगाला जास्त बाधतं."

"पण साहेब, माझे रिपोर्ट तर शून्य आहेत."

"बिल्ला कुठे लावत होतात?"

विश्रामने सांगितलं. अगदी अभिमानाने, पेटीच्या कुलपासकट सांगितलं.  तरुण डॉक्टरने हळू आवाजात सगळा घोटाळा उलगडला: शिशातून किरण जात नाहीत, बिल्ल्याने तीन वर्षं पेटीतलं मोजलं, माणसाचं नाही.  हाताचं दुःख त्याने गिळलं होतं, हे मात्र गिळवेना. ज्या पोरांना त्याने जपून धरलं, तीही त्याच किरणांत उभी होती.

सत्तावन्नच्या जूनमध्ये विश्वस्तांनी दया दाखवली. विश्रामच्या जागेवर त्याची मुलगी हेमा, नुकतीच मॅट्रिक झालेली, सतरा वर्षांची. रतनला आनंद झाला. विश्राम मात्र ओरडला, "अजिबात जायची नाय ती त्या खोलीत!"

"मग खायचं काय?" रतन म्हणाली. "तुमचा एक हात गेला, माझे दोन हात भांडी घासून पुरतायत कुठे?"

 हेमा जायला लागली. फिल्मा आता डॉक्टरांच्या कपाटात असायच्या, जुन्या पेटीची किल्ली विश्रामच्याच करगोट्याला राहिली. त्याने तिला बजावलं, बिल्ला छातीवरून काढायचा नाही, जगबुडी आली तरी. पोरीने ऐकलं. पहिल्याच महिन्याचा रिपोर्ट आला तो भला मोठा आकडा घेऊन, खाली लाल रेघ मारलेली. विश्रामला, देव क्षमा करो, बरं वाटलं. आता तरी भिंत घालतील!

तो कागद घेऊन तो थेट विश्वस्तांपुढे उभा राहिला. थोटा हात पुढे धरून पेटीची सगळी हकिगत सांगितली. अध्यक्षांनी जुनी फाईल मागवली, चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तीन वर्षं बापाचं शून्य, तेच यंत्र, तीच खोली. मुलीचं एका महिन्यात एवढं? कोचरेकर, तेव्हा फसवत होतात, की आता फसवताय?"

विश्रामने टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस टेबलावरचा कागद सरळ करत होते. "मुलगी नवीन आहे," ते म्हणाले. "बिल्ला यंत्रावर विसरली असेल." शेवटी ठरलं ते असं: पुन्हा असा रिपोर्ट आला, तर मुलगी कामाला नालायक समजून दुसरं माणूस बघायचं.

घरी आल्यावर हेमाने सगळं ऐकून घेतलं. आईकडे पाहिलं, हाताचा रोग वर चढून बापाच्या काखेत नुकत्याच आलेल्या गाठीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

"बाबा, पेटीची किल्ली कुठाय?"

"हेमा, नको गं."

"नोकरी गेली तर तुमचं औषध कुठून आणू?"

"मग निदान पोरं तरी धरू नकोस. त्यांच्या आया धरतील."

"आयांना धरता येत नाही ओ. फोटो बिघडला की पुन्हा काढायला लागतो, पोराला दोनदा किरण लागतात." ही अक्कल तिला महिन्याभरात आली होती. विश्रामला इतक्या वर्षांत आली नव्हती. आणि त्या अकलेचा पोरीला काही उपयोग नव्हता.

त्याने करगोट्याची गाठ डाव्या हाताने सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. शेवटी हेमानेच सोडली.

महिनाअखेरीला मुंबईहून कागद आला. हेमाच्या नावापुढे शून्य. टिपणिसांनी तो फाईलीला लावला. नोकरी टिकली म्हणून रतनने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर विश्रामच्या जिभेवर घातली.