रिकाम्या पोत्याची प्रतिज्ञा

पुण्याहून निघालो तेव्हा मला पोचवायला अख्खी आळी स्टँडवर लोटली होती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि वऱ्हाडातल्या गरिबांसाठी आळीने जुने कपडे काढले होते. ते वाटून पोतं रिकामंच परत आणेन, नाहीतर आडनाव बदलेन, अशी प्रतिज्ञा मी केली. पोतं शेजारच्या गोदूकाकूंचं होतं.

मंगरूळपीरला उतरलो तेव्हा एसटीने हाडं इतकी खिळखिळी केली होती, की दोन बरगड्या कंडक्टरकडून मागून घ्याव्या लागल्या. आसेगावच्या वाटेवर वांग्याचा मळा लागला. मळेवाल्या चंद्रभागाबाई पाणी देत होत्या. मी पाठ केलेलं भाषण म्हटलं आणि पोतं पुढे केलं. बाईंनी कपडे ठेवून घेतले, पोतं घेऊन वाफ्यात शिरल्या आणि वांग्यांनी तट्ट फुगवून आणलं.

"बाई, मला पोतं रिकामंच हवंय."

"खाली (रिकामं) पोतं कोनी वापस देते काय भाऊ? बरं दिसत नाही ते."

"अहो, पण दान द्यायला मी आलोय."

"मंग? देनं काय तुमालेच येते?"

मी वांगी पुढच्या घरी देऊन टाकली. त्यांनी पोत्यात मिरच्या भरल्या. मिरच्या पुढे दिल्या, तर तुरीची डाळ आली. डाळ दिली, तर भोपळे. शिवाय दर घरी भाकर आणि ठेचा. संध्याकाळपर्यंत मी इतका फुगलो, की पोतं कोणतं आणि पाहुणा कोणता, हे एसटीच्या कंडक्टरला विचारून घ्यावं लागलं.

परतताना चंद्रभागाबाईंच्या मळ्यात आमच्या आळीच्या अध्यक्षांचा कोट बुजगावण्याच्या अंगावर दिसला. त्याच्या धाकाने पाखरं पार शेजारच्या मानोरा तालुक्यापर्यंत पळाली होती. पुण्यात त्या कोटाला कुणी इतकं मानल्याचं मला आठवत नाही.

आडनाव आता जाणार, या काळजीने मी आळीत भोपळे वाटायला काढले. काय सांगू, चहाला उकळी फुटायच्या आत पोतं रिकामं! हौसेने सगळ्यांनी घेतलं, पण पोत्यात कुणी परत काडीही टाकली नाही. जे आसेगावात दिवसभर जमलं नाही, ते आमच्या दानशूर आळीत पहिल्या झटक्यात जमलं.

मी छाती काढून पोतं गोदूकाकूंना परत दिलं. काकूंनी आत डोकावून पाहिलं.

"इतक्या लांब जाऊन आलास," त्या म्हणाल्या, "आणि रिकामंच?"