खुणेचं कांडं

कारखान्याचा बॉयलर पेटला, की वसमतकडच्या आमच्या माहेरच्या हवेत मळीचा आंबूस-गोड वास मुक्कामाला येतो. पाहुणे नाक दाबतात. आम्हांला मात्र तो भरभराटीचा वास म्हणून शिकवलेला. काल त्याच वासात, भाचीला मुलगा झाल्याची साखर वाटायला मी निघाले आणि पहिल्याच दारात मला ती आठवली.

ती डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची, नवऱ्यासोबत आमचा ऊस तोडायला आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तोडीची रीत. बाई बाळंत झाली म्हणून कोयता अर्धा कसा होणार! ऐन थंडीत उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत तिला मुलगी झाली आणि आठवडा सरायच्या आत ती पुन्हा फडात उभी राहिली. लेकरू बांधावर, पाचटात गुंडाळलेलं. ते निळं पडू लागलं तेव्हा मुकादम म्हणाला, "आधी गाडी भरून घ्या, मंग दवाखान्यात जा." गाडी भरली. मग दवाखान्याचं कामच उरलं नाही.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिनं बांधाच्या कोपऱ्यात पुरलं. आमच्या काळ्या रानात खुणेला दगडही सापडत नाही, म्हणून वर उसाचं एक कांडं रोवलं. हातात दुसरं होतं तरी काय?

पुढच्या हंगामात टोळी परत आली. कांडं फुटलंही असेल. पण मधल्या काळात वडिलांनी बांध मोडून तिथंही ऊस लावला होता. ती उसाचं एकेक बेट चाचपत हिंडत राहिली, मला सांगत. "इथंच व्हतं वो ताई... न्हाई, इथं." शेवटी एका बेटाला कवटाळून म्हणाली, "हे काहून तोडता? एवढं ऱ्हाऊ द्या. माझं लेकरू हाय इथं." मुकादमानं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी आभाळाकडं. ते बेट तिच्या नवऱ्यानंच तोडलं, मान खाली घालून. त्या बेटाची मोळी इतर मोळ्यांत गेली आणि मोळ्या कारखान्यात.

मुलगा झाला की हत्तीवरून साखर वाटावी म्हणतात. इतक्या उंचावरून फडातलं काही दिसत नसावं. मला तरी कुठं दिसत होतं इतकी वर्षं? संताप येतो तो वडिलांचा, मुकादमाचा आणि या गोड वासाचाही.

घरोघर साखर वाटून परतले, तर वहिनीनं बाळाच्या ओठाला लावायला चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली. बोट पुढं जाईना. "डॉक्टर नको म्हणतात," असं काहीतरी पुटपुटले आणि पदराला हात पुसला.