न धुतलेले पाटे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही. आता सांगतोय. का, ते विचारू नका. लई थकलोय, एवढंच समजा.

पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं, रशीदचाचांचं गॅरेज. तेव्हा भोवती नुसतं माळरान होतं, आता फ्लॅट उठलेत. मी तिथं मेकॅनिक, तिशीला टेकलेला. चाचा पाट्यांचे उस्ताद. पाटे म्हणजे गाडीच्या खालच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. गुडघे गेल्यामुळं चाचांना गाडीखाली शिरता यायचं नाय. म्हणून खालचं काम माझं आणि ऐकायचं काम त्यांचं. बंपर धरून गाडी हलवायची, चाचांनी डोळे मिटायचे आणि सांगायचं — टोकाचा रबरी बुश गेलाय, बोल्ट ढिलाय, पाटा चिरलाय. लांबलांबून लोक यायचे त्या कानासाठी.

त्यांचा एकच नियम होता. आधी पाटे धुवायचे, चीर बघायची, मग ऐकायचं. तेल सगळ्यात शेवटी, कारण तेलानं आवाज दबतो.

त्या दुष्काळात कुलकर्णी सर यायचे. बोअर कुठं घ्यायचा ते जमीन तपासून सांगायचे, तेव्हा सगळ्यांना तेच हवं होतं. रानात घुसता यावं म्हणून त्यांनी जुनी जीप उंच करून घेतली होती. जास्तीचे पाटे आम्हीच घातलेले. एका सकाळी आले — मागून किर्र वाजतंय, आणि खड्ड्यातून वर येताना टक्क. दुपारी लासूर स्टेशनला पोचायचंय.

किर्र म्हणजे कोरडे पाटे. पण टक्क? टक्क चिरलेल्या पाट्याचं असतं, मला कळत नव्हतं का?

पाटे मातीनं लिंपलेले होते. पाणी नव्हतं म्हणावं, तर — होतं. अर्धा ड्रम. पण चार दिवस माझी अंघोळ नव्हती, संध्याकाळी मुलगी बघायला जायचं होतं. ते पाणी मी स्वतःच्या अंगासाठी लपवून ठेवलं होतं. ती मुलगी आज माझी बायको आहे.

मग मी ब्रशनं जुनं ऑइल फासलं. सगळीकडं. पाटे ओले, काळेभोर दिसायला लागले, धुतल्यासारखे.

चाचा नमाज पढून आले. "पाटे धोया ना रे?"

"हौ चाचा."

एवढंच बोललो. गाडी हलवली. चाचांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. काहीच वाजलं नाय. "ले जाव सर, एकदम बराबर," म्हणाले.

लासूरच्या अलीकडं मुख्य पाटा तुटला आणि जीप नाल्यात उलटली. सरांचा पाय मोडला. आजही काठी घेऊन चालतात. दवाखान्यात ते रागावलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "चाचांनी ऐकून सोडली होती ना रे गाडी?" चाचा माझ्या शेजारीच उभे होते.

तुटलेला पाटा गॅरेजात आला. अर्धी कड गंजलेली — म्हणजे चीर जुनी. चाचा त्यावर बोट फिरवत राहिले. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं नाय. म्हणाले, "तेरेकू नही दिखी, जाने दे. मेरेकू तो सुनाई देना था. कान गया रे मेरा."

तेव्हा बोलायला नको होतं का? उद्या सांगू म्हटलं, मग ईद झाल्यावर, मग — वर्षं गेली. चाचांनी त्यानंतर एकाही गाडीला कान लावला नाय. गॅरेज माझ्याकडं आलं. लोक म्हणतात, चाचांचा कान तुला मिळाला. मी मान हलवतो. किती निर्लज्ज असावं माणसानं?

चाचा अजून येतात, दारात खुर्ची टाकून बसतात. परवा एक उंच केलेली जीप आली, वाजत वाजत. मी पाटे धुतले. हल्ली न चुकता धुतो, काय उपयोग? गाडी हलवली, ऐकलं, पण नेमकं काय ते मला कळेना. खुर्चीतून चाचा हळूच म्हणाले, "बुश है क्या, डावा?"

खोलून बघितलं. डावा बुशच होता.

"हौ चाचा," मी म्हणालो.

चाचा हसले. "तुक्का लग गया रे."

मी पाना आणायला आत गेलो.