मामांचा लेट मार्क

कंपनी चालू होती तेव्हा सांगण्यासारखं काही घडायचंच नाही. बोईसरला कापड रंगवायची आमची कंपनी, मी स्टोअरला. आलो, राबलो, गेलो. मग एक दिवस पगारवाढीवरून वाद पेटला, मालकाने गेटला टाळं ठोकलं, आम्ही आठ महिने बाहेर मांडवात बसून काढले आणि किस्से साचत गेले. बसल्या माणसाकडे दुसरं काय साचणार म्हणा!

*

टाळं लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सातला दहा मिनिटं कमी असताना, बॉयलरवाले मामा हजर. मामा दातिवऱ्याचे, वय छप्पन्न. अंगात खाकी ड्रेस, हातात डबा. चौदा वर्षांत एकदाही लेट मार्क नाही असा हा माणूस.

मी म्हटलं, "मामा, टाळं लागलंय. ड्रेस कशाला घातलाय?"

"टाळं कंपनीला लागलंय. मला नाय."

सगळे हसले. पण साडेबाराला मामांनी डबा उघडेपर्यंत आपला डबा उघडायची कुणाची छाती झाली नाही. भोंगा बंद होता, तरी आठ महिने आम्ही वेळेवर जेवलो.

*

घरी गेलो की बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." तिसऱ्या महिन्यात तिने विचारणं सोडलं. मीच वैतागलो, "आता विचारतसुद्धा नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही रोज तेच सांगता. मी भाकऱ्या थापताना स्वतःलाच सांगून टाकते."

त्या दिवसांत मी फार थकायचो. कामाचा थकवा झोपेने जातो, हा जात नव्हता.

*

रंगखात्यातल्या रामलखनने गावी खरं कळवलंच नाही. माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, की ओव्हरटाइम खूप आहे, सुट्टी मिळत नाही. महिन्याभराने बापाचं उत्तर आलं. तेही मीच मांडवात वाचून दाखवलं.

"बेटा, इतना मत खटो. एकाध दिन बैठ भी जाया करो."

तेव्हा बसून पाचवा महिना चालू होता. रामलखन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग हसणं थांबलं, पाणी काही थांबेना. मामांनी आपल्या डब्यातलं सुकटीचं कालवण त्याच्यापुढे सरकवलं.

*

आठव्या महिन्यात नोटीस लागली. 'मी बेशिस्त वागलो, पुन्हा तसं वागणार नाही,' असं हमीपत्र सही करून द्या आणि आत या. नाही दिलं तर नोकरी गेली. मामांच्या रिटायरमेंटला दोनच वर्षं उरली होती.

"मी बेशिस्त वागलो नाय," मामा म्हणाले. "खोट्याखाली सही करनार नाय."

मी सही केली. मामांना सांगायला गेलो तर म्हणाले, "जा तू. तुजी पोरं लहान हायेत." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

*

आम्ही आत गेलो, पण बॉयलर पेटवायचा कुणी? सर्टिफिकेट फक्त मामांकडे. बाहेरून एक माणूस आणला. त्याने आमचा तो जुना बॉयलर पाहिला आणि दुपारी न सांगता निघून गेला. वाफ नाही तर रंग नाही. तीन दिवस आम्ही आत रिकामे बसलो होतो आणि मामा मांडवात एकटे.

चौथ्या दिवशी मॅनेजर साहेब स्वतः बाहेर आले, हातात कागद. मी मागे उभा होतो.

"मामा, तुम्हाला हवं ते लिहा. पण सही करा. फाइलला कागद लागतो."

मामांनी कागद मांडीवर घेतला. बराच वेळ लावून लिहिलं, 'आठ महिने मी रोज सातच्या आत गेटवर हजर होतो. गेट बंद होतं.' खाली ठसठशीत सही.

साहेबांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "चला आत."

मामांनी घड्याळ पाहिलं.

"साडेदहा झाले सायेब. आता आत आलो तर लेट मार्क लागंल. उद्या सातला येतो."

आणि डबा उचलून स्टेशनकडे चालू लागले.