राखणदाराच्या बाटल्या

त्याला साधा पाण्याचा ग्लास दिला तरी तो आधी नाकाशी न्यायचा. चहा असो, कोकमाचं सरबत असो, देवळातलं तीर्थ असो, आधी वास आणि मग घोट. आमच्या वाड्यावरच्या एका लग्नात नवरीच्या बापाने स्वतःच्या हाताने सरबत पुढे केलं, तेव्हाही याने ग्लास नाकाखालून फिरवला. नवरीचा बाप भडकला.

"म्हजेर विस्वास ना तुजो?"

"तुजेर आसा," हा शांतपणे म्हणाला, "म्हजेर ना."

नाव सांगत नाही. आमच्या चोपडे गावात कुणालाही विचारलंत तर सांगतील, आणि सोबत चार गोष्टी पदरच्या घालून सांगतील. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, पिणं सोडलेला. सोडलेल्या माणसाकडे आपण सगळे कसे बघतो तेही तुम्हाला ठाऊक असेल. बघतो आणि वाट बघतो.

आम्ही एकाच वाड्यावर वाढलो. मी मराठी शाळेत शिक्षिका झाले, तो शिरगावकडे खाणीवर टिपर चालवायला गेला. खाणी बंद पडल्या तसा तो घरी आला आणि दिवसासुद्धा पिऊ लागला. शिव्या नाहीत, मारझोड नाही. नुसता पिऊन पडायचा, कधी तिठ्यावर, कधी देवळाच्या पायरीवर. त्याची बायको, आमची वयनी, सायकलवाल्या पोदेराकडे पावांबरोबर नवऱ्याचीही चौकशी करायची. पोदेर पहाटेच गावभर फिरलेला असे, त्याला ठाऊक असायचं.

एकदा तो खाडीच्या बांधाखाली पडला. भरती आली. पाणी छातीला लागलं तेव्हा त्याला जाग आली. पायातल्या वहाणा पुढे तरंगत चालल्या होत्या. हात हलत नव्हते, ओरडायला गेला तर आवाज फुटेना. कसा वर आला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. गाव म्हणाला, राखणदाराने ओढून काढलं. आमच्या बांधावर, मानशीच्या म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या जवळ, राखणदाराचा पाषाण आहे. खाऱ्या पाण्यापासून शेताची राखण तो करतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवसापासून याने दारूला हात लावला नाही.

पुढे तो दर आठवड्याला म्हापशाला जाऊ लागला. तिथे पिणं सोडलेली माणसं गोल करून बसायची आणि एकमेकांना आपापलं सांगायची. बाकीच्या दिवशी संध्याकाळ झाली की तो माझ्या सोप्यावर येऊन बसायचा. संध्याकाळची वेळ त्याला खायला उठायची. मी त्याच्यापुढे चवळीच्या शेंगा टाकायची. माझ्या घरच्या जितक्या शेंगा त्याने मोडल्या तितक्या मी जन्मात मोडल्या नसतील.

मी एकदा म्हटलं, "अरे, एवढी वर्षं झाली. अजून कसली भीती?"

"टीचर, भंय ना जाल्यार हांव ना."

भीती गेली की मी गेलो. हे तो इतक्यांदा म्हणायचा की पुढे पुढे मी चेष्टा करायची, "तुझ्या दारावर पाटीच लाव तशी." तो हसायचा, पण शेंग मोडणारी बोटं थांबायची नाहीत.

काजूच्या दिवसांत तर त्याचे हाल बघवत नसत. मार्च संपला की पेडण्याच्या वाटेवर जिकडेतिकडे काजूची बोंडं तुडवलेली, भट्ट्या पेटलेल्या आणि वाऱ्यालासुद्धा उर्राकचा, पहिल्या धारेच्या दारूचा, वास. आपण दार लावून घेऊ, वाऱ्याला कुठे दार लावणार? तो नाकाला बाम चोपडून फिरायचा. डोळ्यांतून पाणी गळत असायचं. अनोळखी माणूस विचारायचा, घरात काही वाईट झालं का?

आणि नेमका त्याच्याच घराण्याकडे राखणदाराचा मान. वर्षातून एकदा, शेतं रुजायच्या आधी, पाषाणाला रोट, विडी आणि सोरो द्यायचा. सोरो म्हणजे दारूच, पण देवाच्या नावाने आम्ही सोरो म्हणतो. घराण्यातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालणार, बाटलीतली थोडी दारू पाषाणावर ओतणार आणि उरलेली जमलेल्यांनी प्रसाद म्हणून घ्यायची. पिणं सोडल्यावर याने एक बदल केला. नाकावर रुमाल बांधायचा आणि बाटली पाषाणावर पूर्ण उलटी करायची. थेंब मागे ठेवायचा नाही. म्हातारेकोतारे कुरकुरले, प्रसाद बुडाला म्हणून. हा म्हणाला, "राखणदार बरो पितलो, तुमी घरा वचात." वयनी दूर मेरेवर उभी राहायची. बाटली रिकामी झाली की ती घराकडे वळायची.

आता गिटारवाल्याचं सांगते. तो माझाच विद्यार्थी. शाळेत पाढे पाठ नव्हते, पण बाक वाजवायला पहिला. मोठा झाल्यावर चार मित्रांना घेऊन त्याने बँड काढला. केस खांद्यापर्यंत, आवाज असा की माझी मांजर आठ घरं पलीकडे जाऊन बसायची. मग तो नशेत सापडला, सुधारणा केंद्रात राहून आला आणि म्हापशाच्या त्या सभेत त्याला हा भेटला. तो याला 'काका' म्हणू लागला. त्याने स्वतःच्याच सुटण्यावर गाणं रचलं आणि त्याचा व्हिडिओ करताना काकांना म्हणाला, तुम्ही राखणदाराला ओतता ते आम्हाला टिपू द्या.

वयनीला पसंत नव्हतं. हा मात्र, "भुरग्याक आदार जायत," पोराला आधार होईल, म्हणून तयार झाला.

तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर पाहिला. सुरुवातीला सगळं शांत. बांध, पाणी, रुमाल बांधलेला हा, आणि त्याचं गाऱ्हाणं: "बा म्हाराजा, बांदार बसून राखण करतलो तूं. हांगा उबो आसा तो तुजोच. चुकलां माकलां पदरांत घे, वायट बुद्द फाटी घाल." मागून बँडची पोरं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आणि त्या 'व्हय'वरच ड्रम सुरू होतो. बाटली उलटी होते. पुढे गिटारवाला गाता गाता खरंच रडतो. रॉक संगीत मला कळत नाही. मी पण रडले.

लोक तर वेडे झाले. व्हिडिओखाली जो तो लिहीत होता, 'व्हय म्हाराजा'. म्हापशाचे, डिचोलीचे, सावंतवाडीचे, कुवेतला जहाजावर असलेले. मी त्याला सोप्यावर बसवून वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं, 'बाबांना दाखवला, अर्ध्यातच उठून गेले, मग परत येऊन बसले.' एका मुलीने लिहिलं होतं, 'काका, पुढच्या गाऱ्हाण्यात माझ्या भावाला पण घ्या.' कुणी लिहिलं होतं, 'आज पहिला दिवस. काका ओततात तर मी पण ओतली.'

मला वाटलं हा सुखावेल. याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"टीचर, इतले जाण व्हय म्हणटात. हांव पडलों जाल्यार?"

खरं सांगते, तोपर्यंत मला त्याची काळजी वाटायची; त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. एकट्याचं पडणं वेगळं.

मग माणसं घरी येऊ लागली. रविवारी मोटरसायकली याच्या दारात. पोरं-पोरी सेल्फी काढायची, पाया पडायची. आणि त्यांनी काय आणलं? बाटल्या! बापाच्या कपाटातली अर्धी, भावाच्या गादीखालची पाव. "काका, ही पण ओता, बाबांच्या नावाने." त्यांना वाटलं, बाटली उलटी करणं हीच इथली रीत, दारू सोडायची रीत. ज्याने ती सोडली त्याच्याच दारात ती आणून ठेवताना एकाच्याही मनात काही आलं नाही. कुणाला रागावणार? प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, परत पाठव त्यांना. तो म्हणाला, राखणदाराचं नाव घेऊन आलेलं परत जात नाही. मग आजच ओतून टाक, मी म्हटलं. तेही नाही. राखणदाराचा दिवस ठरलेला, भलत्या दिवशी द्यायचं नाही, आजोबापासूनची शिस्त. ज्याने पाण्यातून वर काढलं त्याच्याशी हा अप्रामाणिक कसा होणार? म्हणजे तो दिवस येईपर्यंत बाटल्या घरातच. पिणं सोडलेल्या माणसाच्या घरात, त्याच्याच अंथरुणापासून चार हातांवर.

वयनीचं जेवण तुटलं. ती रात्री जागी राहायची आणि दिवसा चुलीपाशी डुलक्या काढायची. शेवटी एक दिवस दोघं टोपलीवर टॉवेल झाकून माझ्या घरी आली. बाटल्या माझ्या मागच्या खोलीत ठेवल्या, कुलूप लावलं, चावी माझ्या कनवटीला. जन्मभर मुलांना व्यसनांचे दुष्परिणाम शिकवले आणि म्हातारपणी माझ्या घरात तालुक्यातलं सगळ्यात भरलेलं दुकान. हसू यायचं. पण वाऱ्याने दार जरी वाजलं तरी हात कनवटीला जायचा.

तो माझ्याकडे येईनासा झाला. माझ्या सोप्यावर त्या खोलीचा वास येतो म्हणाला. मला तर काही येत नव्हता.

अशात बातमी आली, गिटारवाला पुन्हा घसरला. दोन दिवस घरी नव्हता, मित्रांनी शिवोलीकडे रस्त्याकडेला पडलेला पाहिला, फोटो सगळीकडे फिरले. ज्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' लिहिलं होतं त्यांतलेच काही आता त्याच व्हिडिओखाली लिहू लागले, 'सगळं नाटक', 'काकाही पीत असणार'. त्या मुलीनेही लिहिलं, भाऊवालीने. तिने फक्त विचारलं होतं, 'मग आता आम्ही काय करायचं?'

त्याच दुपारी हा माझ्या दारात आला. वयनी बाजाराला गेली होती. दाढी वाढलेली, नाकाला बाम नाही.

"टीचर, चावी दी."

"कशाला?"

"वोतून येतां."

"आज दिवस नाही तुझ्या राखणदाराचा."

त्याचा हात पुढेच होता. खरं बोलतोय की खोटं, मला कळेना. शाळेत मुलाच्या डोळ्यांत बघून मी खोटं ओळखायची, पण याच्या डोळ्यांत बघायचा मला धीर झाला नाही. चावी नाही म्हटलं तर तो सरळ तिठ्यावरच्या बारमध्ये जाईल, दिली तर इथेच बसेल.

"मी पण येते," एवढंच मी म्हटलं.

तो म्हणाला, "येवंकच जाय तुवें. एकटो गेल्यार पावचों ना."

एकटा गेला तर तो पोचणार नव्हता. म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं, तो खरं बोलतोय की खोटं.

टोपली आम्ही दोघांनी धरली. भर उन्हात बांधावरून चाललो. बाटल्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या आणि प्रत्येक आवाजाला त्याचा चेहरा बदलत होता. पाषाणापाशी पोचल्यावर कळलं, तो रुमाल विसरला होता. मी पदर फाडायला निघाले, तर नको म्हणाला. उघड्या नाकाने त्याने एकेक बूच काढलं. वास असा उठला की मलाच गरगरलं. एका बाटलीशी तो थांबला. ती तोंडाच्या उंचीला आली होती. मग ती हळूहळू खाली गेली आणि उलटी झाली.

शेवटची ओतल्यावर त्याने हात जोडले. "बा म्हाराजा, आज तुजो दीस न्हय, माफ कर. भुरगो पडला. माका उठयलो तसो ताकाय उठय."

व्हय म्हणायला तिथे कुणी नव्हतं. बायकांनी म्हणायची पद्धत नाही. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

खाडीच्या पाण्यात तो कितीतरी वेळ हात घासत बसला होता. घरी परतल्यावर तो वयनीच्या पुढे रडला, माझ्यापुढे नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सोप्यावर पुन्हा शेंगा मोडायला येऊ लागला. दार उघडून ती खोली मी फिनेलने धुतली. गिटारवाल्याला शोधून पुन्हा केंद्रात पोचवायला हाच गेला, आणि तो बाहेर आल्यावर दर आठवड्याला म्हापशाच्या बसमध्ये त्याला शेजारी बसवून नेऊ लागला. माणसं पुढेही येत राहिली. आता तो त्यांना म्हणायचा, बाटली घरच्या मोरीत ओता आणि रिकामे हात घेऊन या.

तो गेला तो साध्या तापाने, चार-पाच वर्षांनी. शेवटच्या दिवसांतही खोकल्याच्या औषधाचा चमचा आधी नाकाशी न्यायचा. मरेपर्यंत प्यायला नाही. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते, पण तो असताना एक दिवसही असं सांगायचं धाडस झालं नाही.

बाराव्याला कावळ्यासाठी पान वाढलं. गेलेल्याला जे आवडायचं ते पानात ठेवायचं. एक म्हातारा आत्मीयतेने पुढे आला, प्रसाद बुडाला म्हणून कुरकुरणाऱ्यांपैकीच, आणि पानाच्या कडेला फेणीचा छोटा ग्लास ठेवून म्हणाला, "आतां तरी घेवंदी बापड्याक." वयनीचा चेहरा पांढरा पडला.

गर्दीतून गिटारवाला पुढे आला. केस कापलेले, गालफडं बसलेली. त्याने वाकून तो ग्लास उचलला. माझा हात आपोआप कनवटीला गेला, जिथे आता कसलीच चावी नव्हती. ग्लास हातात धरून तो उभा होता.

मग त्याने मान वळवून, श्वास रोखून, माडाच्या मुळाशी ग्लास उलटा केला.

"काकांक हें नाका," तो म्हणाला.

वयनी आत गेली आणि चहा घेऊन आली, एक पानावर ठेवायला, एक त्याच्यासाठी. तो पायरीवर बसला. कप हातात घेतला आणि प्यायच्या आधी नाकाशी नेला.