साडूंचं क्रियापद

आमच्या साडूंच्या तोंडून साधं वाक्य ऐकलेला माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. लातुरात एका शिकवणीवर्गात ते इंग्रजी व्याकरण शिकवतात, आणि त्यातही दोन साध्या वाक्यांचं एक मिश्र वाक्य करणं हा त्यांचा जीव की प्राण. ‘मुलगा आजारी होता. तो शाळेत गेला नाही.’ अशी सुटी वाक्यं फळ्यावर दिसली की त्यांना गुंड्या न लावलेला शर्ट पाहिल्यासारखं होतं. लगेच ‘बिकॉज’ घालून ते दोघांना एकत्र आणतात आणि मगच खडू खाली ठेवतात. शेजारच्या वर्गात पोरं डॉक्टर होण्यासाठी जीवशास्त्र घोकत असतात; साडूंच्या वर्गातली ‘ऑल्दो’नंतर काय येणार म्हणून श्वास रोखून बसलेली असतात.

हे फळ्यापुरतं राहिलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण साडू मराठीही तशीच बोलतात, आणि मराठीत क्रियापद पडलं शेवटाला. त्यांना नेमकं काय हवंय हे कळेपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. एकदा आम्ही मुरुडच्या स्टँडवर उभे होतो. गाडी लागली तसे साडू कंडक्टरपाशी गेले आणि म्हणाले, “जी गाडी मघाशीच येणार असं खिडकीवरच्या साहेबांनी सांगितलं होतं, ती जर हीच असेल, आणि लातूरला पोचेपर्यंत वाटेत कुठं फार थांबणार नसेल, तर...”

“काका, तुमचं चालू द्या. माघारी येताना ऐकतो की,” म्हणत कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली. उरलेलं वाक्य साडूंनी मला ऐकवलं.

मग त्यांच्या एकुलत्या एक पोरीला बेंगळुरूला नोकरी लागली. संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचं होतं, आणि पप्पांनी हो म्हटल्याशिवाय जायचं नाही असं पोरीनं ठरवलेलं. मेव्हणीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. साडूंनी सुरुवात केली. “जरी तिला मीच शिकवलं असलं, आणि ज्या नोकरीसाठी लोक देव पाण्यात ठेवून बसतात ती तिला मिळाली असली, तरी ज्या गावात आपलं म्हणावं असं कुणी नाही, तिथं...” वाक्य कुठल्या अंगाला वळणार, काही कळेना. शेवटी मेव्हणी वैतागली.

“आवो, क्रियापद घ्या की आता. पोरगी कवाची उभी हाय.”

“पप्पा,” पोरगी हळूच म्हणाली, “जाऊ का नको?”

साडूंनी चष्मा काढला.

“जा,” म्हणाले, आणि तोंड धुवायला मोरीत गेले. मेव्हणीनं पदर डोळ्यांना लावला.

आता रोज संध्याकाळी पोरीचा फोन येतो, आणि साडूंची वाक्यं पहिल्यापेक्षाही लांबली आहेत. विचारायचं असतं जेवलीस का एवढंच. पण ते ‘ज्या मेसमध्ये’पासून निघतात आणि वाटेत गॅस, ऊन, शेजाऱ्यांची म्हैस, सगळं गोळा करत जातात. परवा मी चिडवलं, की अहो, पोरीला कामं असतील, आटपा लवकर. साडूंनी फोनवर हात ठेवला.

“वाक्य संपलं की ती फोन ठेवती,” म्हणाले.

पलीकडून पोरगी विचारत होती, “हां पप्पा, मग पुढं?”