काचेमागचा नंबर

मस्कतमध्ये वादी कबीरला आमच्या इमारतीखाली गाड्या एकीमागे एक लागतात. जागाच नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या काचेमागे मोबाइल नंबर लिहिलेला कागद असतो. पुढच्याला निघायचं असलं की तो फोन करतो, आणि मागचा असेल तसा खाली येऊन गाडी काढतो. कुबरा मुकादम तर हाताला पीठ असतानाही उतरायची. तिच्या कार्डावर नुसता नंबर नव्हता. मुलगी झरीन नववीत असताना तिने रंगीत पेनांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, ‘सॉरी! प्लीज कॉल कुबरा.’ खाली एक फूलही काढलं होतं. हे कार्ड माणसाला त्रास होऊ नये म्हणून ठेवलेलं होतं. त्याचं पुढे जे केलं गेलं ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कुबरा हर्णैची. लग्न होऊन मस्कतला आली तेव्हा तिने साधी सायकलही चालवली नव्हती. नवरा यूनुस सोहारच्या स्टीलच्या कारखान्यात, तो गुरुवारी रात्री घरी येणार आणि शनिवारी संध्याकाळी परत जाणार. मधल्या दिवसांत दवाखान्यात जायलासुद्धा दुसऱ्याचं तोंड बघायचं, हे तिला सहन होईना. इथे लायसन्ससाठी आधी ड्रमची परीक्षा असते, दोन्ही बाजूंनी ठेवलेल्या ड्रमांमधून गाडी मागे घ्यायची. कुबरा इतक्यांदा नापास झाली की शिकवणारा ओमानी मास्तर एकदा हात जोडून म्हणाला, “खलास, सिस्टर, घरी बस.” ती बसली नाही. पास झाली त्या दिवशी तिने सगळ्या मजल्यांवर शेवयांची खीर वाटली आणि त्यानंतर इमारतीतल्या सगळ्या बायकांची ड्रायव्हर झाली. मी मिरजेची, माझं तिच्याशी जुळायचं काही कारण नव्हतं. पण माझ्या पूर्वाच्या जन्माच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा माझा नवरा कामावर होता, आणि वादी अदाईच्या सिग्नलला गाडी अडकलेली असताना कुबरा मला दरडावत होती, “वसुंधरा, ओरड गे! लाजतेस काय?”

अशा बाईला गेल्या हिवाळ्यात छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं. झरीनला सांगितलं, साधी गाठ होती, काढून टाकली. ती साधी नव्हती हे फक्त यूनुसभाईंना आणि मला माहीत होतं. पुढे रोज दुपारी किरणांचे उपचार घ्यायला जायचं होतं, आणि झरीनची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. “पेपर संपूदेत,” कुबरा म्हणाली, “मग मीच सांगेन. कसा सांगायचा तो पण ठरवलाय. मत्राहला दर्याकाठी नेईन, आइस्क्रीम घेईन, मगच बोलेन.” घरात तिने थाप मारली की अमेरातला उमामा नावाच्या बाईकडे शिवण शिकायला जाते. संध्याकाळी परत येताना कधी कोथिंबीर, कधी गरम सामोसे घेऊन हसत घरात शिरायची. दमलेली असायची, पण पोरीसमोर खुर्चीला टेकायचीसुद्धा नाही.

हॉस्पिटलशेजारी एका खाजगी कंपनीचं पार्किंग आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी जास्त थांबली की दंड. त्या दुपारी उपचाराचं मशीन मध्येच बंद पडलं आणि कुबरा हॉस्पिटलचा झगा घालून बाकावर ताटकळत बसली. फोन लॉकरमध्ये. बाहेर गाडीची वेळ संपली. पार्किंगवाल्याने कार्डावरचा नंबर लावून बघितला, कुणी उचलला नाही. इथपर्यंत मी कुणालाच दोष देत नाही. दंडाची चिठ्ठी वायपरखाली खोचली असती तर विषय तिथेच संपला असता.

पण ह्या कंपनीने एक व्हॉट्सअॅप ग्रुप करून ठेवलाय. त्यात त्यांचे पार्किंगवाले, ओळखीचे दुकानदार, कितीतरी इमारतींचे वॉचमन. दंड लागलेल्या गाडीचा मालक सापडत नसेल तर सगळी माहिती तिथे टाकायची! गाडीचा फोटो, नंबरप्लेट, कार्डावरचं नाव, मोबाइल नंबर, आणि वर त्यांच्या कॉम्प्युटरमधून काढून लिहिलेली ओळ: ही गाडी रोज दुपारी कॅन्सर विभागाच्या गेटपाशी लागते. रोज! कुणी विचारलं होतं त्यांना? माणसाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय वाटू नये असा कायदासुद्धा आहे म्हणतात. असेल. त्या ग्रुपमधल्या कुणालाही तो आडवा आला नाही.

आमच्या वॉचमनने कुबरा मॅडमची गाडी ओळखली आणि मदत म्हणून तो मेसेज इमारतीच्या ग्रुपवर टाकला. लगेच तिसऱ्या मजल्यावरच्या मुनिबाने लिहिलं, “या अल्लाह! कुबरा आपाला कॅन्सर? दुआ करा.” पुढे जोडलेल्या हातांची रांग. अगं बाई, दुआ करायचीय तर घरात बसून कर ना! एक फोन करून आधी विचारावं एवढाही तिला दम धरवला नाही.

मी ते वाचते आहे तोवर दाराची बेल वाजली. झरीन उभी होती, हातात फोन. मैत्रिणीने तिला त्या मेसेजचा फोटो पाठवून विचारलं होतं, तुझी मम्मी ठीक आहे ना? दोन दिवसांवर केमिस्ट्रीचा पेपर, कानामागे पेन्सिल तशीच खोचलेली.

“आंटी, इज इट ट्रू?” तिने विचारलं. “अम्मी शिवण... ती शिवण शिकायला जाते ना?”

मी कुबराला शब्द दिला होता. पण त्या पोरीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी नुसतं तिला जवळ घेतलं, आणि तिला उत्तर मिळालं.

कुबरा जिना चढून आली तेव्हा आम्ही दोघी तिच्याच घरात बसलो होतो. तिने मेसेज पाहिलेलेच नव्हते. हातात सामोशांची पिशवी, नेहमीचं हसू. “काय गे, आज दोघी? त्या उमामाने आज बाही शिकवली. इतकी कठीण, काय सांगू...”

ती सांगत राहिली. बाही कशी कापायची, काखेत किती सोडायचं. झरीन एकटक तिच्याकडे बघत होती आणि ओठ गच्च मिटून ऐकत होती. मला ते बघवेना. मी मध्येच म्हटलं, “कुबरा, तिला कळलंय.”

पिशवी तिच्या हातातच राहिली. ती रडली नाही. सावकाश खुर्चीला टेकली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि विचारलं, “कुणी सांगितला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबरा आणि मी त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. ताबिश नावाचा सुपरवायझर समोर बसला होता. गोड बोलणारा. “आंटी, ग्रुप में इसलिए डालते हैं कि मालिक जल्दी मिले,” म्हणाला. “चलो, आपका फाइन माफ कर देता हूँ.”

“फाइन मैं भरूँगी,” कुबरा म्हणाली. “टाइम हो गया था, गलती मेरी. लेकिन ये बात मेरी बेटी को मैं बताने वाली थी. मैं. वो मुझे वापस दो.”

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “फोटो डिलीट करवा देता हूँ.”

“पोरीच्या डोक्यातून कर डिलीट!” मी मराठीतच ओरडले. त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याने पाण्याच्या दोन बाटल्या पुढे केल्या. कुबराने दंड भरला, पावती घेतली आणि बाटलीला हात न लावता उठली.

त्या दुपारी ती उपचाराला निघाली तर झरीन केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन गाडीत आधीच बसलेली. कुबराने समजावलं, रागावली, शेवटी हात धरून ओढायला लागली. “घरी अभ्यास कर, उद्या पेपर हाय तुजा!”

“घरी नाय होणार, अम्मी,” झरीन म्हणाली. “मी... मी इकडेच वाचते.”

मीही बरोबर गेले. हॉस्पिटलपाशी पोचल्यावर झरीनने काचेमागचं कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं. कुबरा आत गेली. ज्या परीक्षेसाठी त्या बाईने एवढं सगळं एकटीने लपवून सोसलं, तिचा अभ्यास तिची पोर कॅन्सर विभागाच्या गेटसमोर, मार्चच्या उन्हात काचा खाली करून करत होती. थोड्या वेळाने त्या कंपनीचा पार्किंगवाला आला. काचेमागे नंबर दिसेना म्हणून तो वाकून शोधू लागला.

झरीनने पुस्तकातून मान वर केली. “अंकल, फोन मत करो,” ती म्हणाली. “जो बोलना है, मुझे बोलो. मैं यहीं बैठी हूँ.”